बिअर प्यालेला माउथ ऑर्गन

मी एक माउथ ऑर्गन. दहा भोकांचा, वीतभरसुद्धा नाही. माझ्या पत्र्यांमधलं लाकूड नाशपातीचं आहे. सगळी भानगड त्या लाकडापायीच झाली, म्हणून आधीच सांगून टाकतो.

माझा धनी विल्फ्रेड, टाइन नदीवरच्या गोदीतला सुतार. चर्चचा पक्का माणूस, दारूच्या थेंबाला शिवायचा नाही. रविवारी माझ्यावर भजनं वाजवायचा. एकदा माझं लाकूड त्याच्याकडून जरा जास्त तासलं गेलं, तेव्हापासून चौथ्या भोकाशी मी खरखरतो.

डेरेक हा त्याचा एकुलता एक. तो सोळाचा झाला, तेव्हा विल्फ्रेडनं मला त्याच्या हातात दिलं. "जप हं. यावर देवाचं वाजवलंय."

डेरेकनं काय करावं? चार मित्र जमवून 'स्लिपवे फाइव्ह' नावाचा बँड काढला आणि पबच्या मागच्या खोलीत रिदम अँड ब्लूज सुरू! त्या ढोल-गिटारच्या गदारोळात माझं कोण ऐकणार? कुणीतरी म्हणालं, ओला कर, लाकूड फुगलं की आवाज चढतो. डेरेकनं मला सरळ समोरच्या बिअरमध्ये बुडवलं. अहो, काय गरजलो मी! पोरी टेबलांवर चढून नाचल्या.

पण फुगलेलं लाकूड पत्र्यांबाहेर येतं आणि ओठ कापतं. डेरेक रक्ताळलेल्या तोंडानं घरी आला. विल्फ्रेडनं मला हुंगलं.

"बिअर?"

"बाबा, नुसती आवाजासाठी..."

"भजनाच्या वाद्याला बिअर पाजलीस? चालता हो, कारट्या!"

डेरेक मला घेऊन लंडनला गेला. दोन वर्षं बापलेक एकमेकांशी बोलले नाहीत. डेरेकच्या बँडची रेकॉर्ड निघाली, गाणं देशात पहिल्या नंबरावर गेलं. मग एक दिवस त्यानं मला पोस्टानं घरी पाठवलं. सोबतची चिठ्ठी त्याच्या आईनं, आयडानं, मोठ्यानं वाचली. "बाबा, हा फारच फुगलाय. तुमच्यासारखं तासायला इथं कुणाला जमत नाही. गुरुवारी आम्ही टीव्हीवर आहोत."

विल्फ्रेडनं चिठ्ठीची घडी घातली. मला खिशात टाकलं.

गुरुवारी तो टीव्हीवाल्या शेजाऱ्यांच्या दारातच उभा राहिला. "बसत नाही. आयडाला सोडायला आलोय." पडद्यावर डेरेकच्या हातात नवा चकचकीत माउथ ऑर्गन होता. पण टीव्हीवर रेकॉर्डच लावतात, पोरं नुसती ओठ हलवतात. गाण्यात एकदम खरखर झाली. चौथं भोक! विल्फ्रेडनं खिशात मला घट्ट धरलं.

"अगं, हा आपला आहे," तो म्हणाला. "तो चकचकीत नुसता देखाव्याला."

घरी येऊन त्यानं चाकूनं मला हळूहळू तासलं. तासल्यावर वाजवून बघावंच लागतं. त्यानं मला ओठांना लावलं, आणि दोन वर्षांची मुरलेली बिअर त्याच्या जिभेला लागली. आता हा मला भिरकावतो, असं वाटलं. पण त्यानं डेरेकचं अख्खं गाणं वाजवलं.

"पोराला लिही, झालाय म्हणावं," तो ओठ पुसत आयडाला म्हणाला. "पण पोस्टानं धाडणार नाही. त्यानंच यावं न्यायला."

तेव्हापासून मी इथं खिडकीत बसून रस्ता बघतोय. डेरेक, लवकर ये रे बाबा. नाहीतर हा म्हातारा रविवारी चर्चमध्ये तुझंच गाणं वाजवायचा!