शेवटची दहा मिनिटे

"बंद कर गो तां! शेवट सोडल्यार त्या पिक्चरात काय नाय," म्हणत बाबलीने नातीच्या हातातला मोबाइल जवळजवळ पालथाच केला.

"आजो, सगळे म्हणतत, असो पिक्चर परत होवचो नाय. मी दोनदा बघलंय. तू एकदा तरी सगळो बघलंस?" सेजलने विचारले.

पोरीने नेमके दुखऱ्या जागी बोट ठेवले. डिचोलीच्या थिएटरात बाबली एकतीस वर्षे डोअरकीपर होता. हजारभर पिक्चर पाहिले, पण प्रत्येकाची शेवटची दहा मिनिटे. खेळ सुरू झाला की दार ओढून बाहेर बसायचे आणि संपत आला की आत जाऊन कडी काढून उभे राहायचे. त्यामुळे या माणसाला हजार खुनी तोंडपाठ, पण मेले कोण ते ठाऊक नाही. सुरुवाती तो पदरच्या रचायचा आणि आपल्या पाळी गावच्या नाक्यावर खाणीच्या ट्रकवाल्यांना रंगवून सांगायचा. मूळ पिक्चर पाहून आलेलेसुद्धा शपथेवर सांगत, की बाबलीचा जास्त बरा होता.

या एका पिक्चरवर मात्र त्याचा दात होता, आणि कारण त्याची बायको. अठ्ठावीस वर्षांपूर्वी चंद्रावती नवऱ्याच्या पासावर पाळीहून बसने आली होती. केसांत अबोलीचा वळेसर, अंगावर चवथीची साडी. दारात पास फाडताना बाबलीची जीभ वळवळली. "फौजदार सोधता तो भाव म्हणजे होडीवालो तारीच गो!"

"झालां?" चंद्रावती म्हणाली. "आता आत जावन काय, तुमचां तोंड बघू?" आणि आल्या बसने परत गेली. पुन्हा ती थिएटरची पायरी चढली नाही. पुढे काचबिंदूने तिचे दोन्ही डोळे नेले.

तेव्हापासून बाबली गावभर सांगत होता, त्या पिक्चरात शेवटाशिवाय काही नाही. तसे असले तर बायकोचे काहीच बुडाले नव्हते. शेवट तर तिला दारातच मिळाला होता.

"चल, आज चुको दाखवतंय," तो म्हणाला. सेजलने इअरफोनचे एक टोक त्याच्या कानात घातले, दुसरे आपल्या. आत चंद्रावती हाताच्या अंदाजाने चवळी निवडत होती.

गोष्ट तशी साधी. भाटकाराचा, म्हणजे गावच्या जमीनदाराचा, खून होतो, त्याच्या परागंदा झालेल्या धाकट्या भावावर संशय जातो, फौजदार रोज नदी ओलांडून चौकशीला येतो आणि एक तारी त्याची ने-आण करतो. सेजलचे डोळे फौजदारावर, बाबलीचे तारीवर. अर्ध्या तासाने तो ताठ बसला.

"थांबय. मागे घे. भट फौजदाराक विचारता, 'भाव गावलो?' पोदेर पाव देताना विचारता. सगळो गाव विचारता. तारी एकदाय विचारणा नाय."

सेजलने आ वासला. "माका दोनदा बघून दिसलां नाय!"

"पयल्यापासून सांगतत गो ते. माणसाक उघड्यार बसवून लपवलोहा. इतक्यो थापा मारल्यंय, पण असो हात माका येवक नाय." मग थोडा तोरा राखायला म्हणाला, "मधलां एक गाणां जास्तीचां आसा."

पिक्चर संपला. "मग? नाव झालां तां खरां?"

"नावापेक्षा चढच," बाबली म्हणाला. एवढे चांगले बोलताना त्याचे तोंड कधी कडू झाले नव्हते.

तो आत गेला. चंद्रावतीसमोर बसून मूठभर चवळी आपल्याकडे ओढली.

"आयक. त्या पिक्चराची गजाल सांगतंय."

"शेवट माका ठाऊक आसा."

"म्हणानच तुका जास्त दिसतलां. धुक्यातसून होडी येता. तारीकडे लक्ष ठेव."

तिचे हात थांबले. "पदरचां घालू नकात."

"नाय घालणंय."

आणि खरेच नाही घातले. वल्हे डाव्या हाताला होते तर डाव्याच हाताला ठेवले. जास्तीचे गाणेसुद्धा गुणगुणून दाखवले. चवळी कधीच निवडून झाली होती, तरी दोघांचे हात सुपात फिरत राहिले.

शेवटची दहा मिनिटे उरली तसा बाबली बोलता बोलता उठला, परसदाराची कडी काढली आणि दार उघडून बाजूला उभा राहिला.

"दार कित्याक उघडलात?" चंद्रावती म्हणाली. "माझो अजून संपाक नाय."

बाबलीने दार ओढून घेतले, कडी लावली आणि या खेपेस तो तिच्या शेजारी जाऊन बसला.