पद्दूनं घातलेलं ऑइल

पद्मनाभनं मला फसवलं हे मला मंगळवारी सकाळी साडेसातला कळलं. तेव्हा माझ्या एका हातात डिपस्टिक होती आणि दुसऱ्या हातात बायकोचा नवा पांढरा नॅपकिन.

शनिवारी त्यानं माझ्या पिकअपचं इंजिन ऑइल बदललं. माझा धंदा समारंभाला खुर्च्या-भांडी पुरवायचा. रविवारी दोनशे खुर्च्या भरून बैलकुप्प्याला गेलो, सोमवारी परत. मंगळवारी सहज ऑइल मोजायची ती डिपस्टिक ओढून पुसली, तर नॅपकिनवर काजळ! तीन दिवसांचं ऑइल, आणि रंग डांबराचा.

आता परका कुणी असता तर मी चार शिव्या देऊन गप्प बसलो असतो. पण हा पद्दू. चौथीपासून एका बाकावर बसलेला. म्हैसुरात आमच्या गल्लीत मराठी बोलणारी सात घरं, त्यातलं एक माझं, एक ह्याचं. माझ्या लग्नात माझा जोडा ह्यानं सांभाळला होता. बावीस वर्षं माझ्या सगळ्या गाड्यांचं बॉनेट ह्याच्याशिवाय कुणी उघडलं नाही. आणि त्यानं मला कुणाच्या तरी गाडीतलं काढलेलं ऑइल घालावं?

"काका, शंभर टक्के स्कॅम," वरून उपेंद्र म्हणाला. हा आमचा वरच्या मजल्यावरचा भाडेकरू. नाशिकचा, कंप्युटरमध्ये काम करतो, आणि जगातल्या कुठल्याही विषयावर गॅलरीतून मत देतो. "माझ्या कारचं ऑइल बघा. चार महिने झाले. मधासारखं आहे."

खाली येऊन त्यानं दाखवलंसुद्धा. खरंच मध. पोळीला लावावा असा.

"त्यांना विचारा तरी आधी," भागीरथी म्हणाली. माझी बायको. "आणि तो नॅपकिन कुणी दिला तुम्हाला?"

मी नॅपकिन पुरावा म्हणून पिशवीत घातला आणि हूटगळ्ळीला निघालो.

पद्दूच्या गॅरेजात तीन-चार गिऱ्हाइकं उभी होती. मी मुद्दाम त्यांच्यासमोरच नॅपकिन झटकला.

"हे काय?"

"नॅपकिन," पद्दू म्हणाला. तो एका टेम्पोखाली होता, नुसतं डोकं बाहेर. "वहिनी मारतील."

"शनिवारी घातलेलं ऑइल हे असं?"

"मग? डिझेल आहे ते, मालोजी. डिझेल जळतं तेव्हा काजळी होते. नवीन ऑइल ती धुऊन स्वतःत घेतं. जुनं थोडं इंजिनात राहतंच, सगळं कधी निघत नाही. काजळी लागलेलं पातेलं तू नवीन साबणानं घासलंस तर पाणी काळं होतं, अल्वा? मग साबण खोटा?"

उत्तर इतकं तयार होतं की माझा संशय पक्का झाला. खरं बोलणारा माणूस जरा तरी अडखळतो.

"उपेंद्रच्या गाडीत तर मध आहे."

"ती पेट्रोलची असेल."

"गाडी ती गाडी! सुम्ने उगाच काहीतरी सांगू नकोस. खरं असेल तर प्रमाण करतोस?"

गॅरेजातले सगळे पाने थांबले. आमच्याकडे भांडण मिटेना झालं की देवासमोर प्रमाण करायला जातात. नदीत बुडी मारायची, ओल्या कपड्यानं उभं राहायचं आणि शपथ घ्यायची. खोटं बोलला त्याचं घर बसतं म्हणतात. जमिनीसाठी करतात, बांधासाठी करतात. सहा लिटर ऑइलसाठी कुणी केलेलं मी तरी ऐकलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं, झालं.

पद्दू टेम्पोखालून पूर्ण बाहेर आला. उभा राहिला. हात पुसले. हात पुसायला त्याला बराच वेळ लागला.

"नंजनगूडच्या देवळात?" त्यानं विचारलं.

"नंजनगूडला."

"सोमवारी येतो. तुझ्याच गाडीतून जाऊ."

खरं तर तिथंच मी म्हणायला हवं होतं, की जाऊ दे रे, चहा सांग. पण गिऱ्हाइकं बघत होती ना.

घरी आल्यावर उपेंद्रनं डोकं चालवलं. "काका, नुसती शपथ काय कामाची? पुरावा हवा. रविवारी आपण स्वतः सीलबंद डबे आणून ऑइल बदलू. सोमवारी तिथं, सगळ्यांसमोर डिपस्टिक काढायची. सोनेरी निघाली की संपलं. खरं ऑइल कसं राहतं ते जगाला दिसेल!"

मला हे फार आवडलं. रविवारी आम्ही दोघं गाडीखाली शिरलो. खालचा बोल्ट काढायला मी पाऊण तास घेतला, आणि सगळं ऑइल बालदीत पडायच्या ऐवजी निम्मं उपेंद्रच्या बाहीत गेलं. तो मोबाइलवर शूटिंग करत होता म्हणून त्याला हलता येईना. मग नवीन डबे फोडले, ओतलं, इंजिन चालू न करता डिपस्टिक काढली. सोनं! मी बॉनेटला पिवळा दोरा बांधून वर लाख लावली. तीस वर्षं शाळेत परीक्षेच्या पेपरांचे गठ्ठे सील केलेत मी. खुर्च्यांचा धंदा नंतरचा.

"तो माणूस तुमच्यासाठी ओल्या कपड्यानं उभा राहणार," भागीरथी पायरीवरून म्हणाली, "आणि तुम्ही त्याला सापळा लावताय."

"त्यानं आधी लावला," मी म्हणालो.

सोमवारी पद्दू आला तो पांढरं धोतर नेसून, हातात शर्टाची पिशवी. तिघं केबिनमध्ये. पद्दू मध्ये, गिअर त्याच्या गुडघ्यांत. उपेंद्रची ऑफिसची मीटिंग चालू होती, तो मांडीवर लॅपटॉप उघडून कॅमेरा बंद ठेवून बसला होता. नंजनगूड येईपर्यंत फक्त लॅपटॉपमधली एक बाई दर दोन मिनिटांनी विचारायची, "एव्हरीवन ऑन द सेम पेज?"

कपिला नदीच्या घाटाजवळ गाडी लावली. पद्दू सरळ पाण्यात उतरला, तीन बुड्या मारल्या आणि थरथरत वर आला. साठीच्या जवळ आलेला माणूस. छातीवरचे केस पांढरे झालेत हे मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

पण मी ठरवल्याप्रमाणेच गेलो. "थांब. देवळात जायच्या आधी सगळ्यांना काहीतरी दाखवायचंय."

सगळे म्हणजे नारळवाली, दोन यात्रेकरू आणि एक बस कंडक्टर. मी लाख फोडली, दोरा तोडला, बॉनेट उघडलं. नवा नॅपकिन काढला. हात उंच करून डिपस्टिक ओढली आणि पुसली.

काळं. ठार काळं.

मी पुन्हा पुसली. नॅपकिनची दुसरी बाजूही गेली.

नारळवाली वाकून बघायला आली. "अय्यो! केवढं काळं हे! सार, कुणी घातलं हे? तुम्हाला चांगलंच फसवलंय त्यानं!"

कंडक्टर म्हणाला, "नाव सांगा ना, आम्ही पण त्याच्याकडे जाणार नाही."

मी उपेंद्रकडे बघितलं. उपेंद्रनं लॅपटॉपकडे बघितलं.

"काका, ते डिझेलमध्ये होतं म्हणे असं," तो हळूच म्हणाला. "पहिल्या पंचवीस-तीस किलोमीटरमध्येसुद्धा. मी वाचलं."

"कधी वाचलंस?"

"बुधवारी."

"आज सोमवार आहे!"

"तुम्ही इतके जोरात होता काका. आणि मला वाटलं, आपलं ऑइल चांगल्या कंपनीचं आहे, आपलं नाही होणार."

मला वाटलं ह्या मुलाला लॅपटॉपसकट कपिलेत सोडावं. माझ्या घरात राहतो, भागीरथीच्या हातची भाकरी खातो, आणि बुधवारपासून गप्प, काल माझ्याकडून ऑइल बदलून घेतानाही! विश्वास ठेवावा तरी कुणावर?

हे सगळं मी मोठ्यानं बोललो असणार. कारण पद्दू म्हणाला, "म्हणजे काल तू स्वतः ऑइल बदललंस?"

"हो."

"मला न सांगता."

"हो."

"मला इथं लोकांसमोर दाखवायला."

धोतराचं पाणी त्याच्या पायाशी गोळा होत होतं. मी हसायचा प्रयत्न केला. "चल, झालं ना आता? तूच खरा निघालास. आता कशाला प्रमाण? डोसा खाऊ."

"आलोय तर करतो," पद्दू म्हणाला.

तो देवळाच्या दारासमोर हात जोडून उभा राहिला, खणखणीत आवाजात बोलला. "मी शनिवारी मालोजीच्या गाडीत नवीन ऑइल घातलं. जुना एक थेंब घातला असेल तर माझं घर बसो." इथपर्यंत ठीक होतं. मग त्यानं श्वास घेतला. "आणि आजपासून मालोजीच्या गाडीला मी हात लावणार नाही."

"अरे, हे कुणी सांगितलं होतं?" मी ओरडलो. पण देवासमोर बोललेलं परत कसं घेणार?

परत आलो तर गाडीखाली काळं थारोळं, रस्त्याच्या उतारानं नारळवालीच्या टोपलीकडे निघालेलं. ती आता मलाच ओरडत होती. पद्दू वाकला, दोन्ही हात पाठीमागे बांधून खाली बघितलं. त्याचे हात पुढे यायला धडपडत होते, मला दिसत होतं ते.

"खालचा बोल्ट आवळला नाहीस," तो म्हणाला. "वॉशर पण जुनाच."

"एवढं आवळून दे रे. दोन मिनिटांचं काम."

"प्रमाण केलंय."

त्यानं पिशवीतून शर्ट काढला, ओल्या अंगावर घातला आणि बस स्टँडकडे चालू लागला. मी मागे गेलो नाही, कारण नारळवाली माझी बाही धरून होती. मग गडबडीत गाडी चालू केली, उतारावरून तरी बाजूला घ्यावी म्हणून. स्टिअरिंगमागे ऑइलचा लाल दिवा लागला. तेवढ्यात म्हैसूरची बस आलेली दिसली, पद्दू चढला, खिडकीत बसला.

मी फोन लावला. त्यानं लगेच उचलला.

"पद्दू, कितीचा पाना लागतो?"

"एकोणीसचा. सीटच्या मागे आहे, मीच ठेवलाय. फार जोर लावू नकोस, आटे जातील."

"पद्दू, चुकलं रे माझं."

"कमी झालेलं ऑइल भर. डिपस्टिक बघ, मग चालू कर."

"मी काय म्हणतोय, ऐकतोस ना?"

"ऐकतोय," तो म्हणाला. "इंजिन चालू आहे तुझं. ऑइल नाही त्यात. आधी बंद कर ते."

त्यानं फोन ठेवला. मी चावी फिरवून इंजिन बंद केलं. तोवर बस वळली होती.