ओलीटाची आठ पानं

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. मित्रांनो, माझ्यातला ओलीटाचा आवाज गेल्याचं ज्या सकाळी कळलं, तिथूनच सांगतो. तिची पाच वर्षांची मुलगी रोंडा शाळेच्या बसची वाट बघत होती. रोजच्यासारखं तिने माझं बटण दाबलं. आवाज आला तो बाबांचा.

"बाबा, आई कुठे गेली?"

तिच्या बाबांच्या, व्हर्लिनच्या, हातातला मक्याच्या पावाचा तुकडा तसाच राहिला.

केंटकीच्या डोंगरात, कोळशाच्या खाणीजवळच्या एका शाळेत मी कामाला होतो. तिथे आया आणि त्यांची लहान मुलं एकाच बसने यायची. मुलं एका खोलीत शिकायची, आया शेजारच्या खोलीत लिहाय-वाचायला. जेवणानंतर मायलेकरं मिळून एक पुस्तक वाचायची. वाचायला जमू लागलं की आईने मला घरी न्यायचं आणि ते पुस्तक थोडं थोडं वाचून कॅसेटवर भरायचं, म्हणजे मुलाला ते हवं तेव्हा ऐकता येई. पुस्तक संपलं की आयांना शिकवणाऱ्या फ्युगेट बाई कॅसेटच्या मागची छोटी पट्टी मोडायच्या. मग त्यावर कुणाला दुसरं काही भरता येत नसे.

"माझ्या वर्गात हाच काय तो गुणी," बाई माझ्याबद्दल म्हणायच्या. "सगळं ऐकतो आणि उलट बोलत नाही."

ओलीटाने कोंबडीच्या गोष्टीची बारापैकी आठ पानं वाचली. मग हिवाळ्यात ती न्यूमोनियाने गेली. पुस्तक अर्धवट होतं, म्हणून पट्टी मोडायची राहिली.

व्हर्लिनला अक्षरओळख नव्हती. उरलेली चार पानं रोंडाला हवी होती. त्याने खाणीत दुपारनंतरची पाळी मागून घेतली आणि तो रोंडाबरोबर बसमध्ये बसू लागला. वर्गात तो एकटाच पुरुष. छोट्या खुर्चीत त्याचे पाय मावत नसत.

"व्हर्लिन, पाय आत घे बाबा," एक बाई म्हणाली. "आमची पोरं घसरगुंडी करतील त्यावर."

"करू देत की. कुणाच्या तरी उपयोगी पडतील."

चार पानांना त्याला चार महिने लागले. मग एका शनिवारी, रोंडा मावशीकडे गेली असताना, त्याने मला टेबलावर ठेवलं. पुस्तकात आठव्या पानापुढे नववं येतं, तसंच कॅसेटमध्येही होत असेल, असं त्याला वाटलं. रोंडाने कॅसेट सुरुवातीला आणून ठेवली होती. मला ते ठाऊक होतं, पण मला नाही म्हणता येत नाही. तो बोट ठेवून एकेक शब्द वाचत गेला आणि मी त्याच्या आवाजाखाली ओलीटाला पुसत गेलो. त्याचं वाचन इतकं सावकाश होतं, की चार पानांत तिची जवळजवळ आठही पानं गेली. तिचं शेवटचं वाक्य तेवढं राहिलं. "दमले गं रोंडा, बाकीचं उद्या."

त्या सकाळी रोंडाने मला दोन्ही हातांनी बडवलं. "या डबड्याने खाल्लं आईला."

व्हर्लिनने तोंड उघडलं. बाहेर बसचा भोंगा वाजला.

"जुनं झालंय ते," तो म्हणाला. "बिघडलं असेल."

दुसऱ्या दिवशी त्याने मला फ्युगेट बाईंकडे नेलं. गेलेला आवाज परत आणता येत नाही, असं त्यांनी सांगितलं.

"शिकलोच नसतो तर बरं झालं असतं, बाई."

"तसं म्हणू नका. रोंडाला सांगितलंत?"

त्याने माझं झाकण उघडलं आणि परत लावलं.

बाईंनी मला त्यालाच देऊन टाकलं. तेव्हापासून मी लाकडांच्या खोपीत, रंगाच्या डब्यांमागे आहे. रोंडा मला हात लावत नाही. मित्रांनो, तुमच्याकडे कुणाचा आवाज असेल तर त्याची दुसरी प्रत करून ठेवा. आणि हातून काही बिघडलं तर तसं सांगा. वस्तूला तुमच्यासाठी बोलता येत नाही.

रोंडा आता दुसरीत आहे. आवाज कुणाच्या हातून पुसला गेला, हे व्हर्लिनने तिला अजून सांगितलेलं नाही.