आतली बाजू

मिसुझुने पंखा पुन्हा सुरू केला आणि हवेची गळती मोजणाऱ्या यंत्रावरच्या आकड्याकडे डोळे लावले. खिडकीत बसवलेला तो भलाथोरला पंखा घरातली हवा बाहेर खेचू लागला, तसा भिंतींवरचा प्लास्टिकचा पडदा गाल फुगवावेत तसा आत फुगला. आकडा उतरत गेला आणि मध्येच अडला. कुठेतरी अजून फट होती. वैतागण्याऐवजी ती हसलीच. तिने स्वतः बांधलेलं हे पहिलं घर. फट सापडल्याशिवाय ती आज हटणार नव्हती.

घर होतं आईबाबांसाठी. बर्फाळ नायोरो गावातल्या त्यांच्या जुन्या घराच्या भिंती हिवाळाभर ओल धरत, बुरशी चढे आणि आई, किनुए, खोकून खोकून बेजार होई. पण नवऱ्याला, तोकुजींना, सोडून ती नव्या घरी हलेना आणि ते ऐकेनात. तोकुजींचा जन्म सुतारकीत गेलेला. भिंतीत लाकडाचा भुसा भरावा, घराला श्वास घेऊ द्यावा, हे त्यांचं म्हणणं. मिसुझुने भुशाऐवजी ऊब धरून ठेवणारी काचेची लोकर भरली आणि तिच्यावर, घरातल्या उबेच्या बाजूने, हा पडदा ताणला. स्वयंपाकाची वाफ थंड भिंतीत शिरली की तिचं पाणी होतं आणि भिंत कुजते, हे तिने नाना परींनी सांगून पाहिलं. पण पालथ्या घड्यावर पाणी. ‘मला पिशवीत नाही राहायचं,’ एवढं बोलून ते मोकळे झाले होते.

फट शोधायला आईने उदबत्ती पेटवली आणि भिंतीलगत धरून फिरू लागली. तिला खेळच सापडला होता. एकेका कोपऱ्याला ती दरडावत होती. तोकुजी खांबाला टेकून नुसते बघत होते.

झोपायच्या खोलीत धूर एकदम आडवा झाला.

“सापडली गं.”

मिसुझु धावली. पडद्याला मनगट जाईल एवढी चीर होती, अगदी सरळ कापलेली. वर साधी कापडी चिकटपट्टी लावलेली, तिची कड थंडीने सुटली होती. इतकी सरळ सुरी कोण चालवतं ते तिला सांगावं लागत नव्हतं. तिच्या डोक्यात तिडीक गेली.

“बाबा, हे तुम्ही केलंत?”

त्यांनी मान खाली घातली. “तू गेलीस की यायचो. शेगडीवर पातेलंभर पाणी उकळत ठेवायचो आणि मग भिंतीत हात घालून ओल लागते का बघायचो.” त्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं. “तुझी आई या भिंतीकडे उसं करून निजणार ना.”

“मग?”

“कोरडी ठणठणीत आहे.”

तिचा राग कुठल्या कुठे पळाला. तिला नाचावंसं वाटलं. तिने खिशातून खास पडद्यासाठीच्या पट्टीची गुंडाळी काढून त्यांच्या हातात ठेवली. तोकुजींनी पट्टी लावली आणि अंगठ्याने घासून घासून बसवली. पंखा घुमला. आकडा उतरू लागला आणि या खेपेला थांबायचं नाव घेईना. मिसुझुने चक्क टाळ्या वाजवल्या.

किनुए नवऱ्याकडे बघत होती.

“अहो, पट्टी आतूनच लावलीत ना?”

“आतूनच. बाहेरून लावतात का कधी?”

“तेच म्हणते मी. आता तुम्हीच बाहेर राहून कसं चालेल?”

तोकुजींनी पट्टीवरून आणखी एकदा अंगठा फिरवला. मग जुन्या घरातलं कपाट या दारातून मावेल का, असं त्यांनी मुलीला विचारलं.