फाइल कोणी उघडली

प्रिंटरमधून नुकताच निघालेला कागद मॉरीन थिबोडोने पालथा घातला आणि त्यावर स्टेपलर ठेवला. दारात ऑफिसर ब्रेंडन सिल्वा उभा होता. त्याच्या एका हातात तेलाचे डाग पडलेली कागदी पिशवी होती. दुसरा हात नेहमीसारखा पट्ट्यावर, पिस्तुलाच्या जरा मागे.

"मालासादा," तो म्हणाला. "आईने सकाळी तळलेत, अजून कोमट आहेत. साखर सांडू नकोस हां, नाहीतर मुंग्यांची तक्रार माझ्याकडेच येईल."

"ठेव तिथे. काय हवंय?"

"बघा! माणूस प्रेमाने खायला आणतो, तर म्हणे काय हवंय." हसत त्याने खुर्ची ओढली. एरवी तीत मुलं बसायची. "एल्विरा इश्कोय. दहावीतली. तिच्याबद्दल जरा बोलायचं होतं, मो."

मॉरीन त्या बंदरावरच्या शाळेत एकोणीस वर्षं समुपदेशक होती. शाळेत नेमलेला पोलीस म्हणून सिल्वा तिथे येऊन तीनच वर्षं झाली होती, पण तो मूळचा याच गावचा आणि याच शाळेत शिकलेला. थंडीत एखादं मूल नुसत्या शर्टावर आलेलं दिसलं, की तो आपल्या गाडीच्या डिकीतून जुना कोट काढून त्याच्या अंगावर घालायचा. मुलींच्या सॉफ्टबॉलच्या सामन्यांना सगळ्यांत मोठ्याने तोच ओरडायचा. त्याच्याविरुद्ध मॉरीनच्या मनात काही नव्हतं. म्हणूनच त्याला नाही म्हणणं जड जात होतं.

"वर्गात झोपते म्हणे ती."

"झोपणारी ती एकटीच नाही."

"मामाकडे राहते ना?"

"ब्रेंडन, तिच्या फाइलमधलं मी तुला सांगू शकत नाही. तुलाही ते ठाऊक आहे. कोर्टाचा कागद आण, मग बघू."

त्याने दोन्ही तळवे वर केले. "बरोबर आहे तुझं. नियम तो नियम." तो उठला, दारापर्यंत गेला आणि चौकटीला टेकून थांबला. "पोरीची काळजी वाटते, एवढंच. रात्री नऊ तास उभं राहून मासे कापायचे आणि सकाळी इथे येऊन बीजगणित सोडवायचं. झोप नाही येणार तर काय होणार?"

तो गेल्यावर मॉरीनने पिशवी उघडली. साखरेत घोळलेल्या त्या पोर्तुगीज वड्याचा पहिला घास तोंडात घेतला आणि तिचे दात तिथेच थांबले. रात्री नऊ तास उभं राहून मासे कापायचे आणि सकाळी येऊन बीजगणित सोडवायचं. हे वाक्य तिचं होतं. फेब्रुवारीत तिनेच ते लिहिलं होतं, जसंच्या तसं.

त्या दिवशी एल्विरा डाव्या हाताला पट्टी बांधून आली होती. सुरीने अंगठ्याखाली खोल कापलं होतं. बोलायला तिला अर्धा तास लागला. ती मासळीच्या कारखान्यात मामीच्या नावावर काम करत होती. संध्याकाळी पाचला जायची, पहाटे दोनला सुटायची. ग्वातेमालाहून कागदपत्रांविना येऊन दीड वर्ष झालं होतं. सगळं सांगून झाल्यावर ती म्हणाली होती, "मिस, हे कुणाला सांगू नका."

"इथलं इथेच राहतं," मॉरीनने तिला सांगितलं होतं. एकोणीस वर्षांत हे वाक्य तिने किती मुलांना सांगितलं असेल, याची गणतीच नव्हती.

पूर्वी ती वहीत लिहायची आणि वही खणात ठेवून कुलूप लावायची. दोन वर्षांपूर्वी वह्या बंद झाल्या. टिपणं संगणकावर गेली, म्हणजे शिक्षकांच्याही ती कामी यावीत. एल्विराचं टिपण तिने मन लावून लिहिलं होतं, कारण गणिताच्या सरांनी ते वाचावं आणि पोरीला नापास करण्याआधी दोनदा विचार करावा, अशी तिची इच्छा होती. मामाचं खरं नाव, गोदीजवळच्या इमारतीचा तिसरा मजला, मामीच्या नावावरचं काम, सगळं त्यात होतं. आपल्याला चांगलं लिहिता येतं याचा तिला थोडा अभिमानही होता.

मुख्याध्यापिका हारग्रोव यांनी तिचं म्हणणं शांतपणे ऐकलं. मग कपाटातून एक करार काढला आणि सहावं पान उघडून तिच्यापुढे ठेवलं. शाळेतला पोलीस अधिकारी हा शाळेचा कर्मचारी मानला जाईल आणि मुलांच्या फाइली पाहू शकेल, असं तिथे लिहिलं होतं.

"ऑगस्टच्या बैठकीत तू यावर सही केली आहेस, मॉरीन. सगळ्यांनीच केली."

मॉरीनला ती बैठक आठवली. कागद हातोहात फिरत आला होता. तिच्या एका हातात सँडविच होतं.

"त्याला पगार पोलीस खातं देतं, लिंडा. तो त्यांचा माणूस आहे."

"कागदावर आपला आहे." हारग्रोव बाईंनी चष्मा काढला. चष्म्याविना त्या थकलेल्या दिसत होत्या. "एखाद्या शाळेत गोळीबार झाला की आईबाप दुसऱ्या दिवशी काय विचारतात, ठाऊक आहे? तुम्हाला आधी कसं कळलं नाही, हे विचारतात. तो प्रश्न मला इथे ऐकायचा नाही."

"एल्विरा कुणाला गोळ्या घालणार आहे?"

बाईंनी संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. कोणती फाइल कोणी, कधी उघडली याची यादी तिथे दिसायची. एल्विराची फाइल सिल्वाने अकरा वेळा उघडली होती, त्यातल्या दोन वेळा रविवारी. मॉरीनने दुसऱ्या एका मुलीचं नाव टाकायला सांगितलं, मग तिसऱ्या एकाचं. वडील तुरुंगात असलेला, घरी मार खाणारी, एकदा झोपेच्या गोळ्या खाल्लेली. ती नावं सांगत गेली आणि प्रत्येक नावाखाली सिल्वा होता. मग तिने सांगायचं थांबवलं.

शाळा सुटताना तो बसगाड्यांच्या रांगेपाशी उभा होता. मुलं त्याच्या तळव्यावर टाळी देत पुढे जात होती. मॉरीन कोट न घालताच बाहेर आली.

"तू सगळं वाचलेलं होतंस. मग सकाळी मला कशाला विचारलंस?"

तो नाही म्हणाला नाही. शेवटची बस वळेपर्यंत तो मुलांना हात हलवत राहिला.

"तू स्वतःहून सांगितलं असतंस, तर बरं वाटलं असतं," तो म्हणाला. "म्हणजे मग चोरून वाचल्यासारखं राहिलं नसतं."

"कुणाला दिलंस ते?"

"दर आठवड्याला वर अहवाल द्यावा लागतो. गावच्या ठाण्यातून तो राज्याच्या कार्यालयात जातो. तिथून पुढे कुणाकुणाच्या टेबलावर जातो, देवाला ठाऊक." त्याचा आवाज चढला. "आणि मी काय करायचं होतं, मो? सोळा वर्षांची पोर सुऱ्यांमध्ये उभी आहे, असं तू लिहिलंस. वाचून गप्प बसू? तू बसलीस ना? महिना झाला."

गणिताच्या सरांनी एल्विराला मुदत वाढवून दिली होती. मॉरीनच्या टिपणाने झालं होतं ते एवढंच.

सोमवारी एल्विरा आली नाही. मंगळवारीही नाही. गुरुवारी शाळा सुटल्यावर मॉरीन गोदीकडे गेली. तिसऱ्या मजल्यावरचं दार साखळीएवढंच उघडलं. फटीत एल्विराचा अर्धा चेहरा दिसला. आत कुठेतरी एक तान्हं मूल रडत होतं.

"मिस, तुम्ही एकट्याच आलात?"

"एकटीच. बरी आहेस ना?"

"मामाला नेलं." तिने मागे वळून पाहिलं आणि आवाज खाली आणला. "सोमवारी सकाळी. इमिग्रेशनचे चौघं होते, साध्या जाकिटांत. आम्ही नाश्त्याला बसलो होतो. त्यांनी दार वाजवलं आणि 'मातेओ' म्हणून हाक मारली. मामाला वाटलं ओळखीचंच कुणी आहे. त्यानेच दार उघडलं."

"एल्विरा..."

"कारखान्यात त्याचं नाव वेगळं आहे. घरमालकाकडे वेगळं आहे. इथे कुणालाच मातेओ माहीत नाही, मिस." ती रागाने बोलत नव्हती. वर्गात गणिताची पायरी तपासून पाहावी तशी बोलत होती. "मामी मला विचारते, हे नाव तू कुणाला सांगितलंस. मी म्हटलं, एकाच बाईंना. त्या म्हणाल्या होत्या, इथलं इथेच राहतं."

मॉरीनने दाराच्या चौकटीवर हात ठेवला. काय झालं ते तिने सांगितलं. संगणक, करार, सहावं पान, सगळं. ते त्या अरुंद जिन्यात फार लांबलचक वाटलं. एल्विराने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"आल्याबद्दल थँक्यू, मिस," ती म्हणाली आणि दार हलकेच लावून घेतलं. साखळी काढल्याचा आवाज आला नाही. आतून आणखी एक कडी सरकली.

महिन्याअखेर इश्कोयांचं बिऱ्हाड तिथून उठलं. कुठे गेलं ते शाळेत कुणाला कळलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही. मॉरीनने वरिष्ठांना दोन पत्रं लिहिली. उत्तर एकाचंच आलं. समुपदेशकांनी प्रत्येक भेटीची नोंद त्याच दिवशी करावी, नोंद टाळणं नियमबाह्य समजलं जाईल, असं त्यात होतं. सिल्वा आता तिच्या खोलीत येत नसे. व्हरांड्यात समोर आला तर मान लववायचा. तिच्या दारावरून जाताना त्याची पावलं मंदावतात असं तिला वाटायचं, पण ते खरं की भास, हे तिला सांगता आलं नसतं.

मे महिन्यातल्या एका सकाळी, पहिली घंटा व्हायच्या आधी, नववीतली कीरा मेडेरोस दारात आली. ही मुलगी याआधी कधी आली नव्हती. तिचं दप्तर शिवणी ताणल्या जातील इतकं फुगलेलं होतं, आणि बाजूच्या खिशातून टूथब्रशचा दांडा वर आला होता.

"मिस, एक सांगायचं होतं."

"बस. पण सांगण्याआधी माझं ऐक." मॉरीनने हे शब्द आरशासमोर म्हणून पाहिले होते. "तू सांगशील ते मला आजच्या आज लिहावं लागेल. मी लिहिलेलं इतर लोक वाचतात. ऑफिसर सिल्वासुद्धा."

कीरा बसता बसता थांबली. "म्हणजे पोलीस?"

"हो."

मुलीने खिडकीकडे पाहिलं, मग दाराकडे. दप्तराचा पट्टा तिने मुठीभोवती दोनदा गुंडाळला.

"गणिताचा वर्ग बदलून हवाय," ती म्हणाली. "सर फार भरभर शिकवतात."

"एवढंच?"

"एवढंच."

मॉरीनने तारीख घातली, वेळ घातली आणि लिहिलं, गणिताचा वर्ग बदलून हवा. कीरा दाराकडे वळली. तिच्या पाठीवर तो टूथब्रश हलत होता. ती उंबऱ्यापाशी पोचली तेव्हा मॉरीनला राहवलं नाही.

"कीरा, काल रात्री काही खाल्लंस का?"

मुलगी थांबली. वळून तिने मॉरीनच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही, तिच्या हातांकडे पाहिलं. ते अजून कीबोर्डवरच होते.

"मिस, हे पण लिहिणार?"