राधेची मिशी

“क्या लेके जारा?” करोडगिरी नाक्यावरच्या जवानानं काठी आडवी घातली.

निजामाचं राज्य इथं संपायचं आणि पलीकडं इंग्रजाचं सोलापूर सुरू व्हायचं. तूप असो की सुपारी, जवानाला दाखवल्याशिवाय पाऊल पुढं पडत नसे. तामलवाडीच्या गोरोबाच्या हातात भाकरीचं फडकं तेवढं होतं. त्यानं वरच्या ओठावर बोट ठेवलं.

“मूंछ, साब.”

“क्या?”

“मूंछ लेके जारा. आते वखत खाली आता.”

जवान असा हसला की डोक्यावरची टोपी नाकावर आली. “जा जा! इसपे महसूल नक्को.”

मग दर बुधवारचा हा खेळच झाला. परत येताना जवान ओठ तपासायचा आणि ओरडायचा, “अरे, अबी आधा माल बाकी है!”

हसणाऱ्यानं हसावं. गोरोबाचं मात्र सगळं त्या मिशीवर अडलं होतं.

तसं त्याच्यात बघण्यासारखं काही नव्हतं. चौतीस वर्षांचा गडी, चार एकर कोरडवाहू. घरात म्हातारा बाप आणि एक बैल, दोघंही त्याच्यावर रुसलेले. बायको होती, पण राधेशी सवत म्हणून नांदणं तिला जमलं नाही. माहेरी माकणीला गेली ती गेलीच. राधा म्हणजे गोरोबाच. सोंगी भजनात तो राधा व्हायचा. लुगडं नेसून, चूळभर पाणी पिऊन गवळण उचलली की पंचक्रोशीतल्या बाप्यांच्या चिलमी विझायच्या. एरवी त्याला रामराम घालायलाही कुणी थांबत नसे.

पण दाढी काही गवळण ऐकत बसत नाही. सिदू न्हावी सुलटा-उलटा दोनदा वस्तरा फिरवायचा, तरी भजन संपता संपता गालावर हिरवट सावली यायची. चव्वेचाळीस सालच्या जळकोटच्या जत्रेत राधा कमरेवर हात ठेवून रुसली आणि मागून एकजण ओरडला, “ए राधे, आधी दाढी करून ये की!”

मांडव हसला. राधेला हसले असते तर चाललं असतं. ते गोरोबाला हसले. त्या लुगड्यात गोरोबा आहे हे लोकांना आठवलं, तिथंच त्याचं सोंग मेलं.

सोलापुरात चन्नबसप्पा डॉक्टरांनी विजेचं यंत्र आणलंय, अशी बातमी सिदूनंच आणली. स्वतःच्या धंद्यावर धोंडा घालणारा न्हावी अख्ख्या जिल्ह्यात तोच. केसाच्या मुळाशी बारीक सुई घालायची, वीज सोडायची, मूळ जळलं की केस चिमट्यानं अलगद येतो. पुन्हा उगवत नाही. यंत्र नवं होतं, हात बसवायला डॉक्टरांना एक तोंड पाहिजे होतं आणि फुकटात तोंड द्यायला कुणी तयार नव्हतं. गोरोबानं तोंड दिलं.

पहिल्यांदा हातावरचे केस गेले, बांगड्यांसाठी. हात गुळगुळीत झालेला पाहून म्हातारा ज्ञानोबा उठून बसला. म्हाताऱ्याची स्वतःची मिशी अशी, की गावात ती आधी पोचायची, तो मागून.

“हातावरलं काढ,” तो म्हणाला, “छातीवरलं काढ, दाढी काढ. माझं काय जातंय? मिशी तेवढी ऱ्हाऊ दे.”

“मिशीवाली राधा कुठं असती व्हय, आबा?”

“राधेचं मला सांगू नगंस. म्या मेल्यावर दहाव्याला काय उतरवशील? बापामागं पोरानं मिशी द्यायची असती.”

“तुमाला कुठं मरायची घाई हाय?” गोरोबा हसला. म्हातारा हसला नाही.

पुढच्या बुधवारी डॉक्टरांनी विचारलं, “आता चेहरा. कुठून सुरू करू या?”

गोरोबानं वरच्या ओठावर बोट ठेवलं.

“विचार करा हं. हे परत लावता येत नाही.”

“लावायचं कुणाला हाय?”

ओल्या फडक्यात गुंडाळलेली पितळी दांडी मुठीत धरायची आणि गप पडायचं. चटका, जळका वास, चिमटा. पुन्हा चटका. ओठावर चटका बसला की डोळ्यांतून पाणी यायचं. एका बैठकीत पन्नास केस जायचे, त्यातले निम्मे महिन्याभरात परत यायचे. दीड वर्षं असं चाललं, आधी ओठ, मग गाल आणि हनुवटी. शेवटी एका बुधवारी नाक्यावरच्या जवानानं निरखून पाहिलं आणि सलाम ठोकला, “माल खलास!”

त्या साली तुळजापूरच्या एका म्हातारीनं भजन संपल्यावर पुढं येऊन राधेची ओटी भरली. खण, नारळ, मूठभर तांदूळ. बाईच समजली बिचारी. सिदूनं कोपरानं ढोसलं, पण गोरोबानं पदर पसरून ओटी घेतली. ते तांदूळ त्यानं शिजवले नाहीत.

एक वर्ष चांगलं गेलं. मग सत्तेचाळीस साल आलं. रझाकारांच्या भीतीनं दिवस मावळला की गाव दारं लावायला लागलं. भजन कुठलं आणि मांडव कुठला! नाक्यावरचा हसरा जवान बदलून गेला. नवे आले ते बंदुकीनं विचारायचे. लुगडं पेटीत गेलं. राधा गेली आणि मागं बिनमिशीचा गोरोबा तेवढा उरला. पाणवठ्यावर लोक म्हणायचे, “काय गोरोबाकाकू, पाणी लई लांब पडतंय का?” तो खाली बघून घागर भरायचा.

कार्तिकात म्हाताऱ्यानं अंथरूण धरलं. डोळ्यांत मोतीबिंदू पडून वर्ष झालं होतं. एका दुपारी त्यानं गोरोबाला जवळ बोलावलं आणि चाचपडत त्याच्या ओठावरून बोट फिरवलं. एकदा इकडून तिकडं, एकदा परत.

“समदी गेली?”

“समदी, आबा.”

बोट तिथंच थांबलं. “दुखलं का रं?”

“सुरुवातीला.”

“हूं,” म्हातारा म्हणाला आणि भिंतीकडं वळला. चौथ्या दिवशी गेला.

दहाव्याला भावकी ओढ्यावर जमली. सिदूनं खडकावर पाण्याची वाटी मांडली, वस्तरा काढला. गोरोबा समोर बसणार, तेवढ्यात चुलतभाऊ आण्णासाहेब पुढं आला.

“ह्यो काय देणार? काकाला द्यायला ह्याच्याकडं हाय काय? माझी मिशी हाय. म्या बसतो, पिंडबी म्याच ठिवतो. लेकाचं काम लेकानं करावं, लेकीनं न्हाय.”

दोन-चार जण हसले. बाकीचे ओढ्याकडं बघत राहिले. गोरोबा अर्धवट वाकलेलाच राहिला. बसावं की उठावं, कळेना. बापाचं एवढं एक काम उरलं होतं आणि तेही हातातून चाललं होतं.

“आण्णासाहेब,” सिदू वर न बघता म्हणाला, “सरका जरा, उजेड आडवताय. गोरोबा, बस.”

गोरोबा बसला. सिदूनं आधी डोकं केलं. काळे-पांढरे केस खडकावर पडले. मग वाटीत बोटं बुडवून त्यानं गोरोबाचा ओठ भिजवला, चांगला चोळून भिजवला, जशी दाट मिशी भिजवतात तसा. वस्तरा दगडावर पुन्हा घासला. नाकाखाली ठेवून हळू डावीकडं आणला. पुसला. मग उजवीकडं. भरघोस मिशीला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ त्यानं घेतला, कमी नाही की जास्त नाही.

आण्णासाहेब वाटीत वाकून बघायला लागला. “काय पडलं? पाणी तर नितळ हाय.”

“ह्यानं मिशी तीन वर्षं आगाऊ दिलीया,” सिदू म्हणाला आणि वाटी ओढ्यात उपडी केली. “एक एक केस, जाळून. तुमची पायजे का उतरवून? बसा.”

आण्णासाहेबाचा हात मिशीवर गेला. तो मागं सरकला.

गोरोबानं आंघोळ केली. तीळ-पाणी सोडलं, पिंड ठेवला. मग नमस्काराला वाकताना त्याचा उजवा हात, वर्षानुवर्षांच्या सवयीनं, डोक्यावर पदर घ्यायला वर गेला आणि ओल्या तुळतुळीत टाळूवर थांबला.

सगळ्यांनी पाहिलं. कुणी हसलं नाही. त्यानं हात हळूच खाली आणला, दुसऱ्या हाताला जोडला आणि वाकला.