चिमणी आत येते कुठून

सासूबाई राहायला आल्या त्या पाच कोंबड्या घेऊनच. तशी अटच होती. "माझ्या कोंबड्या येतील तर मी येईन, आणि त्या गेल्या तर मीही जाईन," असं त्यांनी शेजारपाजारच्यांसमोर ठणकावून सांगितलं होतं. आणि सासूबाईंच्या तोंडून एकदा शब्द निघाला की तो परत गिळायची सोय नाही. मोडेन पण वाकणार नाही, अशी बाई.

जावई तेव्हा काय वाटेल ते कबूल करायला तयार होता. त्याआधी सासूबाई आपल्या घरी न्हाणीघरात घसरून पडल्या होत्या आणि रात्रभर फरशीवर तशाच पडून राहिल्या होत्या. सकाळी दूधवाल्याने हाका मारल्या तेव्हा कुठे कळलं. त्या दिवसापासून त्याच्या बायकोची झोप उडाली. रात्री-अपरात्री उठायची, फोन हातात घ्यायची, आईची झोपमोड नको म्हणून परत ठेवायची. आई शेजारच्या खोलीत आली त्या रात्री मात्र ती जी आडवी झाली ती थेट सकाळीच उठली. वर घोरलीसुद्धा. बायकोच्या घोरण्याने एखाद्या नवऱ्याला इतकं बरं वाटल्याचं कोणी ऐकलं नसेल, पण याला वाटलं.

सगळं सुरळीत चाललेलं असताना ही चिमण्यांची भानगड उपटली. जवळच्या तळ्यावर रानबदकं मरून पडलेली सापडली. पक्ष्यांचा रोग, एकाचा दुसऱ्याला लागणारा. पशुवैद्यकीय खात्यातल्या डॉक्टरीणबाई घरोघरच्या कोंबड्या तपासत फिरू लागल्या. त्या इथे आल्या तेव्हा खुराड्यात कोंबड्यांच्या शेजारी तीन चिमण्या निवांत दाणे टिपत बसलेल्या, जशा काही घरच्याच. बाई स्वभावाने भल्या होत्या, पण नियम म्हणजे नियम.

"दाणापाणी आतच ठेवा आणि खुराडं नीट बंद करा," त्या म्हणाल्या. "सोमवारी परत येते. तेव्हा बाहेरचा एक जरी पक्षी आत दिसला, तर या कोंबड्या मला न्याव्या लागतील."

नेऊन पुढे काय करणार, ते विचारायची कोणाची छाती झाली नाही. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "मग मलाही माझ्या घरी सोडा." बायकोचा चेहरा पांढराफटक पडला, आणि त्या रात्री परत तिचं या कुशीवरून त्या कुशीवर सुरू झालं.

जावई लिफ्ट दुरुस्त करायच्या कामावर होता. दारात बोटभर फट राहिली तर लिफ्ट जागची हलत नाही, हा त्याचा रोजचा धंदा. त्यामुळे खुराडं बंद करणं म्हणजे हातचा मळ, असं त्याला वाटलं. जुनी जाळी कोंबडी बाहेर पडू नये म्हणून लावलेली होती, तिच्या भोकांतून चिमणी हसतखेळत जाईल. ती काढून त्याने बारीक भोकांची जाळी ठोकली. पत्रा आणि भिंत यांच्यामधल्या फटीत रबराची पट्टी कोंबली. खालच्या फळीपाशी विटा रचल्या. दाराला स्प्रिंग बसवली, हात सोडला की आपोआप लागेल अशी. शनिवारी सगळं आटोपून, कंबर धरून त्याने आत पाहिलं, तर दाण्याच्या भांड्यावर चिमणी.

तिला हुसकावली. तासाभराने परत एक आत. ही कुठून टपकली, याचा काही केल्या पत्ता लागेना. बायकोने विचारलं, "तुमच्या लिफ्टमध्येही अशाच शिरतात का हो?" विनोद करायचा म्हणून केला बिचारीने, पण तिला स्वतःलाच हसू आलं नाही.

बाहेरून बघून दोष सापडत नसेल तर खाली खड्ड्यात उतरायचं आणि लिफ्ट चालताना बघायची, हे त्याला पहिल्या मुकादमाने शिकवलं होतं. रविवारी दुपारी त्याने तेच केलं. कोणाला न सांगता खुराड्यात शिरला आणि कोपऱ्यातल्या फळीमागे गुडघे पोटाशी घेऊन बसला. एवढा मोठा बाप्या, आणि एक तांबडी कोंबडी त्याच्या बुटाची नाडी ओढत होती. बराच वेळ काही झालं नाही. मग खुराड्याच्या भिंतीला लावलेल्या अंड्यांच्या पेटीचं झाकण बाहेरून उघडलं. सासूबाईंनी ते कोपराने वर धरलं आणि पालथ्या बादलीवर बसल्या.

"काय गं बायांनो, जेवलात का?" त्यांनी कोंबड्यांना विचारलं. जावई आत आहे, याचा त्यांना पत्ताच नव्हता. "उद्या ती डॉक्टरीण येणार. एक चिमणी दिसली की तुमचं संपलं, आणि माझंही. कोणी सांगितलं होतं मला तसं बोलायला? जीभ मेली आवरत नाही." मग त्यांनी आत मूठभर दाणे टाकले. "जाऊन करू काय तिथे? भांडायलासुद्धा माणूस नाही. इथे निदान पोरगी रोज सकाळी वेणी घालून देते. मी मुद्दाम म्हणते, ओढतेस गं, परत घाल. म्हणजे अजून जरा वेळ बसते माझ्यापाशी. पण आता राहायचंय म्हणू कुठल्या तोंडाने? शब्द फिरवला म्हणतील म्हातारीने."

एवढ्यात एक चिमणी आली आणि त्यांचं कोपर आणि झाकण यांच्यामधून आरामात आत शिरली. मागून दुसरी. सासूबाईंचं लक्ष नव्हतं, त्या तांबडीशी बोलत होत्या.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. जाळी काय, पट्टी काय, विटा काय. फट होती ती सासूबाईंच्या गप्पांची. जावयाला हसायलाही आलं आणि वाईटही वाटलं. पण आता धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. आई, झाकण उघडं ठेवू नका, म्हणावं तर तुम्हाला कसं कळलं, हे आलंच. आणि आपलं बोलणं जावयाने ऐकलं हे कळलं असतं, तर ती बाई त्याच पावली चालू लागली असती. सासूबाई उठून जाईपर्यंत तो श्वास धरून बसला. मग दोन्ही चिमण्या हाकलल्या आणि मुंग्या आलेल्या पायांनी लंगडत बाहेर आला. डोक्यात गवत होतं.

"सापडलं का काही?" बायकोने विचारलं.

"सापडलं. बारीकशी फट होती." बाकीचं त्याने तिलाही सांगितलं नाही.

संध्याकाळी त्याने पेटीच्या झाकणात चौकोनी खिडकी कापली, बसल्यावर डोळ्यांसमोर येईल अशी, आणि तिला बारीक जाळी लावली. पालथी बादली उचलून तिथे घरातलं स्टूल ठेवलं.

"आई, अंड्यांना हवा लागते ना, म्हणून खिडकी केलीय," तो म्हणाला. "झाकण फक्त अंडी काढायला उघडायचं आणि लगेच लावायचं."

सासूबाई स्टुलावर बसल्या. खिडकीतून पाचही कोंबड्या दिसत होत्या. "अंड्यांना हवा," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं कोंबड्या पाळतेय, पण हे कधी सुचलं नाही बाई. बरं झालं जावईबापू, तुम्ही सांगितलंत."

सोमवारी डॉक्टरीणबाई आल्या. जाळीला हात लावून पाहिला, विटा पायाने ढकलून पाहिल्या, आणि बराच वेळ नुसत्याच उभ्या राहिल्या. चिमण्या कुंपणावर बसून कलकलाट करत होत्या, पण आत एकही नव्हती. "छान. आता काळजी नाही," त्या म्हणाल्या आणि जावयाचा जीव भांड्यात पडला. त्याने तिथूनच बायकोला फोन केला. ती औषधांच्या दुकानात कामाला होती, आणि सकाळपासून गिऱ्हाइकांना एकाचं औषध दुसऱ्याला देत नाही ना, एवढंच बघत होती.

जाता जाता डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एक मात्र लक्षात ठेवा. बंदी उठेपर्यंत कोंबड्या इथून हलवायच्या नाहीत. दुसऱ्या घरी, दुसऱ्या गावी, कुठेच नाही."

"म्हणजे किती दिवस?" जावयाने विचारलं.

"महिना. फार तर दोन."

सासूबाई तिथेच उभ्या होत्या. त्यांनी मान डोलावली.

संध्याकाळी बायको जवळजवळ धावतच घरी आली. चपलाही न काढता खुराड्यापाशी गेली, कोंबड्या मोजल्या आणि परत येऊन म्हणाली, "या वेळी वाचलो. पण पुढच्या वेळी काय? आई, तू परत जायचं काढशील."

"मी कशी जाणार?" सासूबाई म्हणाल्या. "डॉक्टरांनीच सांगितलंय, कोंबड्या या घरातून हलवायच्या नाहीत. कधीच नाही. आणि त्यांना सोडून मी जाणार नाही, हे मी आधीच सगळ्यांसमोर बोललेय. मी काय शब्द फिरवणारी आहे? आता सरकारचाच नियम म्हटल्यावर माझा काय इलाज?"

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. सासूबाईंनीही पाहिलं, पण जरा चोरून.

"हो," जावई म्हणाला. "कधीच नाही, असंच म्हणाल्या. मी समोरच होतो."

बायको मटकन पायरीवर बसली. आधी हसली, मग रडायला लागली, मग दोन्ही एकदमच. सासूबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ तिथेच राहू दिला.

"बसलीस काय अशी?" शेवटी त्या म्हणाल्या. "ऊठ, जेवायला वाढ. मला इथेच मरायचंय, पण उपाशी नाही."